जुना डबा, चालता डेस्कटॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे भागातली वाचनालयं, भजनी मंडळं, देवस्थानांच्या कचेऱ्या आणि घरोघरचे माळे इथे पडून असलेल्या संगणकांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या मुक्त संगणक-प्रणालीच्या, अंगाने दिली आहेत, कारण ह्या वयाच्या यंत्रांना दुसरा फारसा पर्याय उरलेला नाही. घाई असेल त्यांच्यासाठी एवढंच: डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेन्यूंचा पडदा, बहुतेक कशावरही चालतो, घोडं पेंड खातं ते ब्राउझरपाशी. तेव्हा यंत्राकडून काम काय हवंय ते आधी ठरवा.

घरात सायबरएजच्या वेळचा संगणक आहे. तो चालेल का?

गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावी-बारावीच्या मुलांना मिळालेले संगणक अजून कितीतरी घरांत प्लास्टिकच्या कव्हराखाली दिसतात. चालणं न चालणं ठरतं ते प्रोसेसरवर, म्हणून आधी डब्यावरचा स्टिकर वाचा.

पेंटियम ३ किंवा एएमडीचा ॲथलॉन एक्सपी असेल तर नाद सोडा. ह्या प्रोसेसरांत एसएसई२ हा सूचनासंच नाही आणि आजचा फायरफॉक्स त्याच्याविना उघडतच नाही. क्रोमला २०२१ पासून एसएसई३ लागतो. डेस्कटॉप येईल, कोपऱ्यात घड्याळही दिसेल, पण पुढे करायचं काय?

पेंटियम ४ वर काम होतं, मात्र तो तापतो फार आणि बिलही वाढवतो. रोज आठ तास चालवायला मी तो सुचवणार नाही. खरी सुरुवात होते ती २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओपासून. तो ६४-बिट, म्हणजे आधीच्या ३२-बिटहून नव्या पद्धतीचा, आहे, त्यात २ ते ४ जीबी रॅम घातली की पुस्तकांची यादी, पत्रव्यवहार आणि बेताचं इंटरनेट निभतं. २०११ नंतरच्या कोअर आय३, आय५ वाल्यांनी आपलं यंत्र जुनं आहे ही तक्रार लिनक्सपुढे करूच नये.

दोन ठिकाणी माणूस फसतो. २००८ च्या सुमाराचे ते छोटे नेटबुक, ॲटम एन२७० वाले, दिसतात नवे पण आहेत ३२-बिट. तसाच नुसता 'कोअर ड्युओ', म्हणजे मधला दोनचा आकडा नसलेला, हाही ३२-बिटच. स्टिकर निघून गेला असेल तर कुठल्याही ३२-बिट लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करताच लिनक्स चालवणाऱ्या) यंत्र चालू करून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एलएससीपीयू' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या. प्रोसेसर किती बिटांचा ते सुरुवातीच्याच ओळींत लिहून येतं.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. आता नवा संगणक घ्यावाच लागेल?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, ४ जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१२ ते २०१७ मधली धडधाकट यंत्रं एका दिवसात 'जुनी' झाली. ह्या यंत्रांना लिनक्स अगदी सहज बसतं, हलकंफुलकं काही शोधायचीही गरज पडत नाही. नवा संगणक घ्या, पण गरज असेल तर घ्या.

लिनक्सवाले काळ्या पडद्यावरच सगळं करतात. मग डेस्कटॉपची हौस कशाला?

इंग्रजीत काम करणाऱ्याला हे शोभतं. लिनक्सच्या नुसत्या अक्षरपडद्यावर, म्हणजे डेस्कटॉप सुरू नसताना जो काळा पडदा दिसतो त्यावर, देवनागरी नीट दिसूच शकत नाही. त्या पडद्याच्या फाँटात जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची, मात्रा योग्य जागी बसवण्याची सोय त्यात नाही. 'क्षेत्रपाल' लिहिलेली फाइल तिथे उघडली की चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझसारखी सॉफ्टवेअर-लायब्ररी करते, आणि तिचा उपयोग होतो तो ग्राफिकल खिडकीत. मराठी वाचनालयाच्या यंत्रावर डेस्कटॉप ही पहिली गरज आहे, ती अशी.

डेस्कटॉप म्हणजे नक्की काय बसवायचं असतं?

बरेच थर असतात आणि बिघाड शोधताना ते माहीत असलेले बरे. सगळ्यात खाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यातच ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. त्यावर एक्स सर्व्हर, जो पडद्यावर चित्र काढतो आणि माऊस-कळफलकाचं ऐकतो. त्याच्यावर विंडो मॅनेजर. खिडक्यांना चौकट, बंद करायचं बटण देतो तो हाच. मग खालची पट्टी, मेन्यू, फाइल-व्यवस्थापक. आणि पासवर्ड विचारणारी खिडकी दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर ह्या सगळ्यांहून निराळाच.

एक्स ११ हा १९८७ चा, त्याची जागा आता वेलँड घेतो आहे. जुन्या ग्राफिक्स कार्डांवर मात्र एक्स ११ च ठेवा. वेलँडवरचे डेस्कटॉप कार्डाच्या त्रिमितीय ताकदीवर विसंबतात आणि तीच इथे नसते.

कोणतं लिनक्स टाकू?

६४-बिट यंत्र आणि ४ जीबी रॅम असेल तर डेबियन किंवा लिनक्स मिंट, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. एवढं पुरे. ह्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, तो वेळ रॅम पुसण्यात गेला तर यंत्राचं जास्त भलं होईल.

३२-बिटवाल्यांची वाट अरुंद होत चालली आहे. उबंटूने ३२-बिट डेस्कटॉप २०१७ मध्येच सोडला. डेबियन १३, ९ ऑगस्ट २०२५ ला आलेलं, त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत. म्हणून ३२-बिटसाठी डेबियन १२ किंवा त्यावर उभं असलेलं वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार संच, घ्या: अँटीएक्स २३, एमएक्स लिनक्स २३, एलएमडीई ६ किंवा क्यू४ओएस. डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत आहे, तोवर ह्या यंत्रांना दम आहे. ब्राउझरची मुदत त्याहून कमी आहे. मोझिलाने फायरफॉक्स १४४ ही ३२-बिट लिनक्ससाठीची शेवटची आवृत्ती ठरवली आणि दीर्घ मुदतीची १४० किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सांभाळू असं सांगितलं. त्यानंतर ते यंत्र इंटरनेटसाठी धरू नये. टंकलेखन आणि भजनाच्या ध्वनिफिती यांना इंटरनेट लागत नाही, हे लक्षात असू द्या.

पेंटियम एम किंवा सेलेरॉन एम असलेल्या जुन्या लॅपटॉपवर 'पीएई नाही' (जास्त रॅम हाताळायची प्रोसेसरमधली सोय नाही) असा निरोप येऊन इन्स्टॉलर थांबतो. ह्यातल्या बऱ्याच प्रोसेसरांत पीएई असतं, फक्त तो तसं सांगत नाही. बूटच्या ओळीच्या शेवटी 'फोर्सपीएई' हा शब्द इंग्रजीत जोडून बघा.

एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, आइसडब्ल्यूएम... ह्या हलक्या डेस्कटॉपांत खरंच इतका फरक पडतो?

१ जीबी रॅमवर पडतो, ४ जीबीवर जाणवतही नाही. नुसता चालू केलेला एक्सएफसीई आजच्या ६४-बिट डेबियनवर साधारण अर्धा जीबी रॅम घेतो. आइसडब्ल्यूएमवर बेतलेलं अँटीएक्स त्याच्या निम्म्यात किंवा आणखी कमीत भागवतं. पण फायरफॉक्समध्ये एक बातमीपत्र उघडलंत की वाचवलेली रॅम गेली. म्हणून १ जीबी असेल तर अँटीएक्स, २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई, पुढे जे डोळ्यांना रुचेल ते. ग्नोम ह्या भारी डेस्कटॉपच्या वाटेला जाऊ नका, ते नाकापेक्षा मोती जड होतं.

एक्सएफसीई घेतलात तर एक कराच. विंडो मॅनेजरच्या बारकाव्यांच्या सेटिंगमध्ये कॉम्पोझिटर नावाचा भाग आहे, तो बंद करा. खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता जाते, जुन्या कार्डावरचा भार लगेच हलका होतो.

रॅम वाढवता येत नाही. मग?

झेडरॅम लावा. रॅमचाच एक भाग दाबून-आवळून स्वॅप, म्हणजे रॅम भरल्यावरची जादा जागा, म्हणून वापरायची ही युक्ती आहे. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज मिळतं. प्रोसेसरला थोडं जास्त काम पडतं, पण फिरत्या हार्ड डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. डिस्कवरचं स्वॅप सुरू झालं की माऊसचा बाणसुद्धा अडखळतो.

थोडे पैसे घालायची तयारी आहे. कशावर घालू?

आधी सॅटा एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर. १२० जीबीची सगळ्यात साधी सुद्धा चालेल, जुन्या सॅटा पोर्टावर ती आपला वेग कमी करून घेते आणि तरीही फरक डोळ्यांना दिसतो. मग रॅमवर. रॅम घेताना डीडीआर२ की डीडीआर३ ते जुनी पट्टी सोबत नेऊन दुकानदाराला दाखवा, तोंडी सांगून चुकीची गळ्यात पडते. ह्याच्या पुढे काही घालू नका. पाटा केबलवाल्या, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलच्या जुन्या बोर्डाला ॲडॅप्टर मिळतात, पण त्या वयाच्या यंत्रावर खर्च करण्यात मला राम दिसत नाही.

यंत्र वर्षानुवर्षं बंद आहे. नुसतं प्लग लावून चालू केलं तर?

करू नका, निदान गोव्यात तरी. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चार महिने कौलारू घरात बंद पडून राहिलेल्या डब्यात ओल धरलेली असते. बाजूचं झाकण काढून एक-दोन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा. थेट उन्हात नको, प्लास्टिक वाकडं होतं.

मग आत बघा. डिचोली, सत्तरी, सांगे ह्या खाणपट्ट्यातल्या डब्यांत तांबडी धूळ हीटसिंकच्या पात्यांत अशी बसलेली असते की पंखा फिरतो पण हवा जात नाही. मऊ ब्रशने ती काढा, पंखा बोटाने अडवून धरा, फुकटचा गरगर फिरवू नका. किनाऱ्याकडे, मांद्रे-मोरजी-हरमल बाजूला, धुळीपेक्षा खारी हवा वैरी: स्क्रू गंजतात, रॅमच्या सोनेरी टोकांवर काळसर थर चढतो. रॅमची पट्टी काढून टोकं साध्या खोडरबराने हलकी घासा, कण झटका, परत घट्ट बसवा. चालू केल्यावर पडदा न येता नुसतं 'टीं टीं' वाजत असेल तर अर्धे रुग्ण एवढ्याने बरे होतात. पालीची अंडी आणि मुंग्यांची वारुळं हेही आत मिळतं, दचकू नका.

बोर्डावरचे छोटे नळकांड्यांसारखे कपॅसिटर बघा. डोकं फुगलं असेल किंवा तपकिरी ओघळ दिसत असेल तर बोर्ड कामातून गेला असंच समजा. बदलून देणारे कारागीर म्हापसा-मडगावात मिळतात, पण परवडतं का हे ज्याचं त्याने बघावं. एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याची, पेटी मात्र स्वतः उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत झटका देण्याइतका भार राहतो.

शेवटी ते गोल नाणं, सीआर२०३२ बॅटरी. काही रुपयांची वस्तू, पण ती संपली असेल तर यंत्राची तारीख भलत्याच वर्षावर जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो, अपडेट घेताना 'ही फाइल अजून वैध नाही' असा निरोप येतो, आणि माणूस इंटरनेट कंपनीला फोन करत बसतो. बदलूनच टाका.

पेनड्राइव्हवरून बूटच होत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बघा. पुष्कळ जुन्या बायोसांत पेनड्राइव्ह वेगळ्या नावाने न दिसता 'हार्ड डिस्क' ह्या यादीतच दिसतो, तिथे जाऊन त्याला वर आणावा लागतो. मागच्या पोर्टांत लावा, पुढची पोर्टं सैल असतात. तरी नाही झालं तर डीव्हीडी जाळा. डीव्हीडी ड्राइव्हही गेला असेल तर प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर सीडीवरून, नाहीतर फ्लॉपीवरून, यूएसबीकडे उडी मारून देतो. सगळ्यात सोपी वाट मात्र वेगळीच: हार्ड डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या संगणकाला लावा, तिथे इन्स्टॉल करा, परत आणून बसवा. लिनक्स नव्या बोर्डावर बहुधा कुरकूर न करता उठतं.

इन्स्टॉल झालं, पण पडदा काळा. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर एकच नाही, कारण पडदा कोणत्या वळणावर काळा झाला त्यावर सगळं आहे.

ग्रबची, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारी, यादी दिसली आणि त्यानंतर लगेच अंधार, तर कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर अडला. यंत्र परत चालू करा, ग्रबच्या यादीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' ह्या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अगदी शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि कंट्रोल-एक्स दाबा. आता पडदा आला तर कारण सापडलं, उपाय अजून नाही. अशा अवस्थेत कार्ड अगदी प्राथमिक रीतीने चालतं आणि पडदा कमी रेझोल्यूशनचा राहतो. एएमडी-एटीआयचं कार्ड असेल तर फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डात भरायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, फाइली नसणं हे नेहमीचं कारण. डेबियन १२ पासून त्या इन्स्टॉलरबरोबर येतात, त्याआधीच्या आवृत्तीत वेगळ्या घ्याव्या लागतात. जुन्या एनव्हिडियाला कंपनीचे ड्रायव्हर आता मिळत नाहीत, कर्नलसोबतचा नूव्हो वापरा. सिसचं मिराज ग्राफिक्स असलेला बोर्ड निघाला तर वेसा ह्या साध्या ड्रायव्हरवर समाधान मानावं लागतं. ॲटमच्या काही नेटबुकांतल्या जीएमए ५०० चंही तसंच: चित्र येतं, त्रिमितीय वेग येत नाही.

अक्षरं धावली, शेवटी काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड विचारत थांबलं, तर यंत्र ठणठणीत आहे, फक्त एक्स सुरू झाला नाही. नाव-पासवर्ड द्या आणि 'स्टार्टएक्स' लिहा. डेस्कटॉप आला तर डिस्प्ले मॅनेजर बसलेला नाही, लाइटडीएम बसवा. नाही आला तर एक्सची नोंदवही वाचा. ती व्हार फोल्डरातल्या लॉग फोल्डरात, नाहीतर घर-फोल्डरातल्या लपलेल्या 'लोकल' फोल्डरात, एक्सऑर्गच्या नावाने असते. कंसात दोन इंग्रजी ई असलेल्या ओळी तेवढ्या बघा, चूक तिथेच लिहिलेली असते.

लॉगिनची खिडकी येते, पासवर्ड बरोबर आहे, क्षणभर काळं होऊन परत तीच खिडकी. हे फार चिडवतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरपडद्यावर जा. डिस्क भरली आहे का ते 'डीएफ' आज्ञेने बघा. भरलेल्या डिस्कवर डेस्कटॉप आपल्या तात्पुरत्या फाइली लिहू शकत नाही आणि गुपचूप बाहेर पडतो. जागा असेल तर तुमच्या घर-फोल्डरातली 'एक्सऑथॉरिटी' नावाची लपलेली फाइल रूटच्या, म्हणजे प्रशासक-खात्याच्या, नावावर गेली आहे का ते पाहा. कुणीतरी सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, स्टार्टएक्स केलं की हे होतं. ती फाइल पुसून टाका, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

पाठीमागचं चित्र येतं पण पट्टी, मेन्यू काहीच नाही, तर एक नवा वापरकर्ता बनवून त्याच्याने लॉगिन करा. तिथे सगळं दिसलं म्हणजे तुमच्या जुन्या सेटिंगच्या फाइली बिघडल्या आहेत, यंत्राला दोष देऊ नका.

पडदा आला, पण अक्षरं ढब्बू आणि ८०० बाय ६०० च्या वर जात नाही.

मॉनिटर आपलं माप केबलमधून संगणकाला सांगत असतो. व्हीजीए केबलची एखादी पिन वाकली वा तुटली की ते सांगणं थांबतं. आधी केबल बदलून बघा, बदललेल्या केबलचीही पंधरा भोकं-पिनांची अवस्था तपासा. तरी नाही झालं तर 'सीव्हीटी' आज्ञेने हव्या मापाची ओळ बनवून 'एक्सरँडआर'ने ती जोडता येते.

मराठी टाइप करायला काय लागतं?

वेगळं काही बसवावं लागत नाही. एक्सच्या कळफलक-सेटिंगमध्ये भारत निवडा, त्यात मराठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण आराखडा आहे आणि उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी कागप आराखडाही आहे. आयबस किंवा एफसीआयटीएक्स ह्या टायपिंगच्या वेगळ्या साधनांत सोयी जास्त, पण ते सतत पाठीमागे चालतात आणि रॅम खातात. १ जीबीच्या यंत्रावर मी ते घालत नाही. इनस्क्रिप्ट शिकायला आठवडाभर बोटं कुरकुरतात, मग विसरत नाहीत. त्याच कळफलकावर कोकणीही होते.

चौकोन दिसत असतील तर फाँट नाही. लोहित देवनागरी किंवा नोटो बसवा. छपाईसाठी 'एक टाइप' ह्या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट चांगला दिसतो.

मंडळाच्या जुन्या पत्रिका श्रीलिपीत आहेत. लिनक्सवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

त्या फाइली युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या आहेत. त्यात खरोखरच इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले आहेत, फक्त फाँट त्यांवर मराठी आकार चढवत होता. मूळ फाँटाची फाइल घर-फोल्डरातल्या फाँट्सच्या फोल्डरात ठेवली तर लिब्रेऑफिसमध्ये बहुतेक मजकूर वाचता येतो. पुढे वापरायचा असेल तर परिवर्तकातून युनिकोड करून घ्या आणि रफार, 'श्र', 'ऱ्य' ह्या जागा हाताने तपासा. परिवर्तक नेमके तिथेच ठेचकाळतात.

यूट्यूब आणि एक-चौदाचा उतारा, एवढं तरी चालेल ना?

जमिनीचा एक-चौदाचा उतारा, वीजबिल, निकाल असल्या सरकारी साइटी कोअर २ ड्युओ आणि २ जीबीवर चालतात. एका वेळी एक-दोन टॅब, जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हे विस्तारक हवंच. जाहिराती अडवल्या की जुन्या यंत्राला जेवढा श्वास मिळतो तेवढा कुठल्याही हलक्या डेस्कटॉपने मिळत नाही.

यूट्यूबची अडचण वेगळी आहे. ते व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ ह्या नव्या पद्धतींत पाठवतं आणि जुन्या ग्राफिक्स चिपला त्या उलगडता येत नाहीत, सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. एच२६४इफाय हे विस्तारक घातलं की जुनी एच.२६४ पद्धत मागितली जाते. २०११ नंतरच्या इंटेल चिपा ती सहज उलगडतात. कोअर २ ड्युओवर ४८० किंवा फार तर ७२० वर ठेवा. पेंटियम ४ वर नाटकाचं चित्रीकरण बघायचं म्हणाल तर संवाद पुढे आणि ओठ मागे.

प्रिंटर?

एचपी लेझरजेट १०२० ला एचपीएलआयपी हा एचपीचा लिनक्स ड्रायव्हर-संच आणि त्याचं प्लगइन बसवा, दर वेळी चालू करताना त्याला फर्मवेअर पाठवावं लागतं आणि ते काम प्लगइन करतं. कॅनन एलबीपी २९०० ला कॅप्ट नावाची स्वतःची भाषा लागते आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर बसवणं हे चिकाटीचं काम आहे. वाचनालयाकडे हाच असेल तर तो एका विंडोज यंत्राला राहू द्या आणि इथून पीडीएफ पाठवा.

वायफाय दिसत नाही.

फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला तो सरळ नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो. मग त्या इंटरनेटवरून वायफायचं फर्मवेअर घ्या. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांना बहुतेक वेळा तेच हवं असतं.

पावसाळ्यात वीज सारखी जाते. लिनक्स बिघडेल का?

एक्सटी४ ह्या फाइल-पद्धतीत जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं, त्यामुळे अचानक बंद झालं तरी डिस्क बहुधा सावरते. टाइप करत असलेलं पत्र मात्र जातं. खरा धोका वीज परत येताना व्होल्टेज उसळतं तेव्हाचा, एसएमपीएस तिथेच जळतो. यूपीएस ठेवा, नसेल तर वीज गेल्याबरोबर मुख्य बटण बंद करायची सवय लावा. वीज कडाडायला लागली की लँडलाइन किंवा ब्रॉडबँडची तारही काढा. ती वाट बरेचजण विसरतात.

वाचनालयात सहा जुनी यंत्रं आहेत. सगळ्यांवर वेगळं बसवायचं?

एखादं तरी बऱ्यापैकी यंत्र असेल, आय५ आणि ८-१६ जीबीचं, तर त्यावर एक्सआरडीपी, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून डेस्कटॉप वापरू देणारा प्रोग्रॅम, बसवा आणि बाकीच्यांना त्याचे नुसते पडदे करा. त्यांच्यावर अँटीएक्स आणि मोठ्या यंत्राला जोडून देणारं रेमिना एवढंच हवं. काम सगळं मोठ्या यंत्रावर होतं, केबलचं नेटवर्क मात्र हवं. व्हिडिओ नीट दिसणार नाही, वाचन-टंकलेखन छान होतं. देणगीत आलेले जुने संगणक लिनक्सवर चालवण्याची कल्पना इथे नवीन नाही, गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने शतकाच्या सुरुवातीला शाळांमध्ये हेच केलं होतं.

कधी सोडून द्यायचं?

कपॅसिटर फुगले, प्रोसेसरमध्ये एसएसई२ नाही, किंवा दुरुस्तीचा खर्च एखाद्या वापरलेल्या आय३ च्या किमतीच्या जवळ गेला, ह्यांपैकी एकही असेल तर. भंगारवाल्याला देऊ नका, जाळून तांबं काढतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. पंचायतीत किंवा पालिकेत संकलनाची चौकशी करा. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. सभासदांचे पत्ते आणि देवस्थानची हिशेबपत्रकं त्यात असतात.

सगळं झालं, आवाजच येत नाही. चतुर्थीला भजनं लावायची आहेत.

टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवा. एखाद्या खांबाखाली दोन इंग्रजी एम दिसले तर तो मूक आहे. बाणाने त्यावर जाऊन एम दाबा आणि पट्टी वर न्या. तरी नाही आला तर स्पीकरची पिन पुढून काढून मागच्या हिरव्या भोकात लावा. पुढच्या पॅनेलची वायर बऱ्याच जोडलेल्या डब्यांत आत बोर्डाला लावलेलीच नसते.